वजन, वशिला आणि अंमल

सातवीत असताना आम्हांला 'संगतीचा परिणाम' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. मी लिहिले, 'वाईट संगतीचा मुलांवर लवकर असर होतो.' वही परत आली तेव्हा 'असर' या शब्दाभोवती तांबड्या शाईचे कडे होते आणि समासात लिहिले होते, 'घरचे शब्द शाळेत आणू नयेत.' निबंधाच्या खाली गुरुजींचा शेरा होता, 'मजकूर बरा, अक्षर खराब.'

अब्बा त्या वेळी बोटीवरून सुटीला घरी आले होते. त्यांनी वही पाहिली, अक्षर सुधारायला सांगितले आणि विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. पुष्कळ वर्षांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाती आला. १८३१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि १८५७ साली वाढवलेली दुसरी. शब्द कुठून आला हे सांगण्यासाठी या कोशात शब्दापुढे एखादे अक्षर टाकण्याची पद्धत आहे. मी आधी 'असर' पाहिला नाही. गुरुजींचा शेरा तपासला. 'शेरा' अरबी, 'मजकूर' अरबी, 'खराब' अरबी. ज्या शाईने माझा शब्द खोडला ती 'शाई'सुद्धा फारसी 'सियाही'ची लेक. गुरुजी मनाने वाईट नव्हते. त्यांना ते शब्द परके वाटले नाहीत, कारण ते त्यांच्या तोंडात होते. माझा परका वाटला, कारण तो माझ्या तोंडून आला होता.

तेव्हापासून एक छंद जडला. एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो, दाब पडतो, धाक बसतो, हे सांगण्यासाठी मराठी माणूस काय काय म्हणतो हे टिपून ठेवायचे. साहेबापाशी त्याचे वजन आहे. त्याने वशिला लावला. गावावर त्याचा दबदबा आहे. मुलांना बापाची जरब राहिली नाही. त्याच्यावर अमुक पक्षाचा शिक्का बसला. याने त्याला शह दिला, त्याने याच्यावर मात केली. औषध जालीम आहे. दारूचा अंमल चढला. माणूस मातब्बर आहे, जबरदस्त आहे. धाक, वचक, दरारा, छाप, पगडा, ठसा असे देशी शब्दही आहेत, आणि तेही कसदार आहेत. पण यादी करायला बसले की अरबी-फारसीची बाजू भरत जाते. प्रभावाबद्दल बोलायचे तर शब्दही प्रभावातूनच आलेले वापरावे लागतात, असा हा गमतीचा मामला आहे.

या शब्दांचा मागोवा घ्यायला आमच्या रायगड किनाऱ्यासारखी जागा नाही. हे मी केवळ गावाच्या अभिमानाने म्हणत नाही. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आक्षी लागते. तिथला शिलाहार केशिदेवाचा शिलालेख मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. त्याचा शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला गेला, तर काही अभ्यासक तो बराच नंतरचा मानतात. तो वाद जाणकारांनी करावा. त्याच रस्त्याने पुढे गेले की चौल. अरब प्रवासी याला सैमूर म्हणत. अल-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी इथे आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान त्याने नोंदवले आहेत. त्यांच्या आपसांतल्या कज्ज्यांसाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता आणि त्या पदाला मसूदी 'हुन्नरमन' म्हणतो. आपल्या मराठीत आजही टिकून असलेला 'हुन्नर' हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे आक्षीचा शिलालेख १०१२ चा धरला तरी त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी या किनाऱ्यावर अरबी-फारसी बोलणारी माणसे संसार करून राहत होती, आणि ती कोणाचे राज्य जिंकायला आलेली नव्हती. ती व्यापाराला आली होती. नाखुदाचा 'नाखवा' झाला, 'खलाशी' झाला, 'बंदर' झाले, 'मोसम' झाला. आज थळ-नवगावचा कोळी 'नाखवा' हा शब्द आपल्या आडनावासारखा वापरतो, आणि तो वापरतो हे अगदी रास्त आहे.

पण बंदरावरचे शब्द वेगळे आणि प्रभावाचे शब्द वेगळे. प्रभावाचे शब्द आले ते कचेरीतून, टांकसाळीतून, फौजेतून आणि बुद्धिबळाच्या पटावरून. एकेक पाहण्यासारखे आहेत.

'जरब' घ्या. अरबीत 'जर्ब' म्हणजे घाव, तडाखा. नाणे पाडताना ठशावर हातोडा मारतात तीही जर्ब. म्हणून मोगली नाण्यांवर 'जर्ब' हा शब्द आणि पुढे टांकसाळीच्या गावाचे नाव असते. जिक्रच्या मजलिशीत काळजावर जर्ब लावतात हे आपल्यापैकी कोणी पाहिलेही असेल. मराठीत आल्यावर हातोडा गेला, नाणे गेले आणि उरला तो फक्त तडाख्याचा धाक. मास्तरांची जरब, सासऱ्यांची जरब. 'शिक्का' त्याच टांकसाळीतला. अरबीत 'सिक्का' म्हणजे नाणे पाडायचा ठसा. तो मराठीत आधी राजमुद्रेवर गेला आणि मग माणसाच्या कपाळावर. एखाद्यावर एकदा शिक्का बसला की तो पुसता पुसत नाही, हे या ओळी वाचणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

'दबदबा' हा शब्द ढोल-नगाऱ्यांच्या आवाजाशी जोडलेला आहे. स्वारी दिसायच्या आधी आवाज पोहोचतो, तो दबदबा. 'जबरदस्त' म्हणजे ज्याचा हात वर आहे तो. इंग्रजीतही 'अपर हँड' म्हणजे वरचा हात असेच म्हणतात. कोणी कोणाकडून घेतले असेल असे नाही, माणसाचा हात सगळीकडे सारखाच. 'मातब्बर' मुळात 'मुअतबर', म्हणजे ज्यावर भरवसा ठेवावा असा. मराठीने त्याला पैसा आणि वतन देऊन टाकले, भरवशाचे काय झाले ते विचारू नये.

'जालीम'चा प्रवास तर विलक्षण आहे. आपल्या घरात जालीम म्हणजे जुलूम करणारा. मराठी घरात खोकल्यावर जालीम औषध असते आणि ढेकणांवर जालीम उपाय असतो. दुष्टाव्यातले दुष्टपण गाळून मराठीने फक्त जोर ठेवून घेतला.

'वशिला' हा शब्द ऐकताना मला नेहमी अवघडल्यासारखे होते. कुरआन शरीफमध्ये सूरे मायदात वसीला शोधण्याचा उल्लेख आहे, अजाननंतरच्या दुआत आपण रसूलुल्लाह (स.) यांच्यासाठी वसीला मागतो. अल्लाहच्या जवळ नेणारे साधन, असा त्याचा अर्थ. तोच शब्द तहसील कचेरीच्या पायरीवर आला आणि वशिल्याचे तट्टू झाला. शब्दाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या दरबारात अर्ज मंजूर व्हायचा त्या दरबारात जवळ जाण्याचे साधन लागत होतेच. 'वजना'चेही तसेच. शब्दाला वजन असते, माणसाला वजन असते, आणि कागद वाऱ्याने उडू नये म्हणून फायलीवर ठेवायचे तेही वजनच. इंग्रजीतसुद्धा शब्द वजन वाहून नेतो, पण फायलीवर ठेवायच्या वजनाची कल्पना मात्र खास आपल्या कचेऱ्यांची.

आता 'अंमल'. अरबीत 'अमल' म्हणजे कर्म, कृती. जुम्याच्या बयानात आपण नेक अमलाविषयी ऐकतो. राजवटीच्या भाषेत अमल म्हणजे कारभार झाला, तो चालवणारा अंमलदार झाला. हिंदुस्थानी बोलीत त्याला नशेचाही अर्थ मिळाला, आणि मराठीत दोन्ही अर्थ शेजारी नांदू लागले. इंग्रजी अंमल सव्वाशे-दीडशे वर्षे होता आणि भांगेचा अंमल दोन-चार तास. राज्य चढणे आणि नशा चढणे यांना एकच शब्द ठेवणारा समाज भोळा नव्हता, एवढे नक्की. इंग्रजीत दारू प्यालेल्या माणसाला 'अंडर द इन्फ्लुअन्स' म्हणतात. तो इन्फ्लुअन्स मुळात आकाशातून माणसात वाहत येणारा ग्रहताऱ्यांचा प्रवाह, आणि ज्या तापाचे खापर ग्रहांवर फोडले तो इन्फ्लुएंझा. आपल्याकडे ग्रह फिरतात, साडेसाती लागते. कल्पना दूरची नाही. हल्ली मुरूडच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मोबाइल काठीला लावून फिरणारे 'इन्फ्लुएन्सर' दिसतात. त्यांचा ग्रहांशी काय संबंध ते तेच जाणोत.

बुद्धिबळाचा खेळ तर इथूनच गेलेला. चतुरंगाचे शतरंज झाले आणि 'शह' नि 'मात' घेऊन ते परत आले. शह म्हणजे शाह, राजा. मात म्हणजे मेला. या दोन शब्दांवाचून आमच्या किनाऱ्याचा इतिहास सांगताच येत नाही. राजपुरीच्या खाडीत सिद्दींचा जंजिरा. त्याचे नावही 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आलेले, आणि पुढे मराठी कागदांत ते कुठल्याही जलदुर्गाचे बिरूद झाले. त्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली. मुंबईच्या इंग्रजांनी ते काम अडवण्यासाठी जहाजे पाठवली, पण माघार त्यांनाच घ्यावी लागली. त्या झुंजीत मराठी आरमाराच्या बाजूने लढणाऱ्या सरदारांत दौलतखान होता. १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी घेऊन खांदेरीला काटशह दिला. हे शाळेच्या पुस्तकात वाचताना 'शह' आणि 'काटशह' कुठले, असे कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. मला फक्त दौलतखानाचे नाव वाचताना आमच्या वर्गातल्या मागच्या बाकावर बसणाऱ्या चौघा-पाच जणांची मान थोडी वर झालेली आठवते.

याच जिल्ह्यात, किनाऱ्यापासून थोडे आत, रायगडावर मराठी भाषेच्या इतिहासातला एक मोठा प्रयत्न झाला. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांची फारसी नावे बदलली. पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. रघुनाथ पंडित हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. त्यात राज्य, कार्यस्थान, शस्त्र, दुर्ग, लेखन, पण्य अशा दहा वर्गांत कारभारातल्या हजारावर शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत.

या कोशाकडे आपल्यापैकी काही जण नाराजीने पाहतात आणि काही जण त्याचे हत्यार करून आपल्यावर उगारतात. मला दोघांचेही पटत नाही. नवे राज्य उभे करणारा राजा आपल्या कचेऱ्यांना आपल्या भाषेत नावे देणार, यात वावगे काय? इराणी लोकांनीही अरबी राजवटीनंतर आपली फारसी पुन्हा उभी केलीच. शिवाय फारसीचा कामापुरता उपयोग महाराजांनी सोडला नाही. मोगलांशी लिहिण्या-बोलण्यासाठी काझी हैदरसारखा मुन्शी त्यांच्या पदरी होता. ज्याला भाषेचा द्वेष असतो तो मुन्शी ठेवत नाही.

पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी निरनिराळ्या काळातली पत्रे घेऊन त्यांतले फारसी शब्द मोजले आणि शंभर वर्षांत त्यांचे प्रमाण झपाट्याने उतरल्याचे दाखवले. ते खरेच आहे. पण काय उतरले आणि काय राहिले, हे पाहिले पाहिजे. डबीर गेला, सुरनीस गेला. कान्होजी आंग्रे यांच्या काळात या समुद्रावर जहाज न्यायचे तर आंग्र्यांचे दस्तक लागे. इंग्रजांनी ते मानायचे नाकारले, १७२१ मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. एवढा दरारा असलेला 'दस्तक' शब्द आज अलिबागच्या बाजारात कोणाला कळणार नाही. आंग्र्यांचे आरमार गेले तसा तोही गेला. पदाचे नाव, परवान्याचे नाव हुकमाने येते आणि हुकमाने जाते. मात्र 'वजन पडणे', 'जरब बसणे', 'शह देणे' हे कोणत्याही हुकमाने आलेले नव्हते, म्हणून ते कोणत्याही हुकमाने गेले नाहीत.

करून पाहा. 'साहेबापाशी त्याचे वजन आहे' याऐवजी 'साहेबापाशी त्याचा भार आहे' म्हणा. बिचाऱ्याची नोकरी जाईल. 'बापाची जरब राहिली नाही' ऐवजी 'बापाचा आघात राहिला नाही' म्हणा. 'संकटावर मात केली' म्हणताना संकट मेले हे कोणाला आठवत नाही, तरी 'मात' काढली की वाक्यातला जीव जातो. शिक्क्याला 'मुद्रा' हा शब्द हाताशी होता, महाराजांची मुद्राही संस्कृतात होती. पण पत्राच्या शेवटी समाप्तीची जी मुद्रा उमटे तिला इतिहासाचे अभ्यासक 'मोर्तब'च म्हणतात, आणि 'शिक्कामोर्तब' हा जोडशब्द आज कुठल्याही ठरावावर होतो. पेशव्याचेच बघा ना. कागदावर तो मुख्य प्रधान झाला, लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला, आणि अखेर एका अख्ख्या काळाचे नाव पेशवाई पडले.

विसाव्या शतकात रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उचलली. तिचा सूर रायगडावरच्या कोशापेक्षा वेगळा होता. तिथे राज्याची गरज होती, इथे परकेपणाचा संशय होता, असे मला वाटते. 'तारीख' जाऊन 'दिनांक' आला तो तेव्हापासून. तो रुळला, सोयीचाही झाला. पण कोर्टात तारीख पडायची थांबली नाही. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन यांची गोष्ट तर चटका लावणारी. ते फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला, तो आजही उपयोगी पडतो. तेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि आपल्याच जुन्या कवितांमधले फारसी शब्द काढू लागले. गझल मराठीत रुजवणाऱ्या माणसाने हे करावे, याचे मला अजून कोडे आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारी पदनाम कोश निघाला, त्याला टीकाकारांनी 'बदनाम कोश' म्हटले. इतके होऊनही दिल्लीच्या ज्या खात्याने बड्याबड्यांची झोप उडवली त्याला मराठी वर्तमानपत्रे काय म्हणतात? 'सक्तवसुली संचालनालय'. पहिला अर्धा भाग थेट दिवाणी कचेरीतला.

हे सगळे दुसऱ्यांना ऐकवून मोकळे होता येईल, पण आपल्या घरातही एक भाषाशुद्धी चालू आहे आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही. आमच्या दादीच्या कोकणी बोलीत उधाण, ओहोटी, पाऊसपाणी, शेतातले नि स्वयंपाकघरातले निम्मे शब्द मराठीचे होते. ती औषधाचा 'गुण आला' म्हणायची, 'असर झाला' नव्हे. पोरांची संगत बिघडली की ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण तिच्या तोंडी असायची. आखातातून पैसा आला, उर्दू माध्यमाच्या शाळा वाढल्या, जलशांतून शुद्ध उर्दू कानावर पडू लागली, आणि दादीचे शब्द गावंढळ ठरले. माझ्या एका नातेवाइकाने आपल्या मुलीला 'गुण आला' म्हटल्याबद्दल हटकलेले मी पाहिले आहे. 'असर हुआ' म्हण, असे तो म्हणाला. गुरुजींच्या तांबड्या शाईचे कडे मला तिथेही दिसले, फक्त शब्द उलट होता.

१९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्या वेळी मुख्यमंत्री होते बॅ. ए. आर. अंतुले, याच जिल्ह्यातल्या म्हसळ्याजवळच्या आंबेत गावचे. ही गोष्ट आमच्याकडे अजून अभिमानाने सांगितली जाते. त्यांच्या शब्दाला वजन होते, असे सांगणारे म्हातारे म्हणायचे. कारभारावर त्यांची जरब होती, असेही म्हणायचे. 'प्रभाव' हा शब्द त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही.

मागच्या थंडीत पाहुण्यांना घेऊन जंजिऱ्याला गेलो होतो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटली. सुकाणूवर आमच्याच बिरादरीतला एक तरुण होता. तो नाखव्याचे काम करता करता पर्यटकांना माहिती सांगत होता. सिद्दीचा दबदबा कसा होता, कलालबांगडी तोफेची जरब किती लांबवर होती, पद्मदुर्गाने शह कसा दिला आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत इथे कोणाचा अंमल होता. पुण्याकडून आलेल्या एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "दादा, मुसलमान असून किती छान मराठी बोलता हो तुम्ही!"

तो हसला. "ताई, घरचीच हाय ती," म्हणाला, आणि शिडाची दोरी सैल करत पोरांना हात आत घ्यायला सांगू लागला, कारण दरवाजा जवळ आला होता आणि तिथे लाट आपटते.